हलणारी घोडी

कर्वेनगरातल्या एका हॉस्टेलच्या जिन्यात, गादीची वळकटी काखेत मारून उभ्या असलेल्या इंजिनिअरिंगच्या मुलाकडून मी साडेचार हजार रुपयांना इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. त्याला आठची बस पकडायची होती. म्हणजे अक्कल चालवायला मला वीस मिनिटं होती. ती मी गिटारच्या लाल रंगाकडे बघण्यात घालवली. "काका, एकदम टकाटक आहे, फक्त ट्यूनिंगचा थोडासा प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला. सेकंडहँड मालाच्या बाबतीत 'फक्त' आणि 'थोडासा' हे शब्द एकाच वाक्यात आले की मुकाट्याने चपला पायात सरकवाव्यात, हे वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मला ठाऊक असायला हरकत नव्हती. स्कूटर घेताना हेच वाक्य ऐकलं होतं. फ्लॅट घेताना तर ते छापील मिळालं होतं.

गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची होती. नातं म्हणाल तर स्ट्रॅटोकास्टरच्या लग्नात पंगतीला पाणी वाढायला आलेल्या कोणाची तरी ती लांबची भाची असावी. डोक्यावरचं कंपनीचं नाव कोणीतरी ब्लेडने खरवडून काढलं होतं. मला दाट संशय आहे की हे काम कंपनीनेच केलं असणार.

या जातीच्या गिटारला पोटावर एक धातूची पट्टी असते. तिच्यावरून सहा तारा जातात आणि तिच्यातून एक वाकडी दांडी बाहेर येते. दांडी दाबली की पट्टी पुढे कलते, तारा ढिल्या पडतात आणि सगळे सूर एकदम खाली घसरतात. दांडी सोडली की ते मूळ जागी परत येतात. म्हणजे यायला हवेत. माझ्या गिटारचा सूर खाली जायचा तो तिकडेच रमायचा. कोपऱ्यावर दूध आणायला पाठवलेला माणूस जसा पाऊण तासाने कोथिंबीर घेऊन येतो, तसा तो परत यायचा खरा, पण भलत्याच ठिकाणी.

मी अकाउंट्समध्ये आहे. सदतीस पैशांचा फरक निघाला म्हणून रात्री साडेनऊपर्यंत ऑफिसात बसलेला माणूस मी. जे बाहेर गेलं ते तेवढंच परत आलं पाहिजे, या एका तत्त्वावर माझं घर चालतं. ताळा न जमणारी गिटार मला झोपू देणं शक्य नव्हतं.

आमच्याकडे अंतर्गत लेखापरीक्षकाचं काम सासरे करतात. अप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, नाट्यपदांचे भक्त, आणि त्यांच्या खोलीत मिरजेचा तंबोरा आहे. ट्यूनरचा हिरवा दिवा लागतो तेव्हा अप्पा शेजारच्या खोलीतून सांगतात, "किंचित उतरलाय." मग मी चष्मा लावून बघतो, तर दिव्याचा काटा केसभर डावीकडे असतो.

"काय बिघडलंय हिचं?" त्यांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं.

"ब्रिज, अप्पा."

"म्हणजे घोडी. मग घोडी म्हणा ना. आणि घोडीचं काय बिघडणार?"

"जागच्या जागी परत येत नाही."

अप्पांनी पेपर खाली ठेवला. "ती गेली कशाला होती?"

मी दांडी दाबून दाखवली. घोडी खरोखरच पुढे झुकली, मागचा भाग वर उचलला गेला, आणि सहाही तारांनी मिळून आजारी म्हशीसारखा आवाज काढला. देवघराचा खांब नाचताना बघितल्यासारखा अप्पांचा चेहरा झाला. तंबोऱ्याची घोडी म्हणजे काय चीज असते हे त्यांनी मग पाऊण तास सांगितलं. तिचा पृष्ठभाग कानशीने घासून घासून जवारी कशी काढतात, तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवला की सूर कसा उमलतो. मिरजेत ही वाद्यं करणाऱ्या घराण्यांचे पूर्वज तलवारींना धार लावणारे शिकलगार होते, आणि तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अप्पांनी घरात पेढे वाटले होते, जणू मानांकन त्यांच्या गळ्याला मिळालं होतं. "तिथे तलवारीवाल्यांनी कानस हातात घेतली ती घोडी स्थिर बसावी म्हणून," ते म्हणाले. "आणि तुमच्या साहेबांनी ती मुद्दाम हलवली?"

तुमचे साहेब म्हणजे लिओ फेंडर. या गृहस्थांबद्दल मला तेव्हापासून विशेष जिव्हाळा वाटतो, कारण तेही शिक्षणाने हिशेबनीस. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी १९३८मध्ये त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं, पुढे गिटारी बनवल्या, आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली. या सगळ्यात स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती याचा त्यांना काहीही त्रास झाला नाही. आमच्या खात्यातही असे वरिष्ठ आहेत. हलत्या घोडीच्या पेटंटचा अर्ज त्यांनी त्याच वर्षी केला, ते १९५६मध्ये मिळालं, आणि त्यात या यंत्राचं नाव पडलं ट्रेमोलो. आता संगीतात सूर वरखाली हलण्याला म्हणतात व्हायब्रॅटो, आणि आवाज लहानमोठा होण्याला ट्रेमोलो. बरं, चूक तरी एकदाच करावी. त्यांच्याच कारखान्यातल्या अॅम्प्लिफायरवर आवाज लहानमोठा करणाऱ्या बटणावर छापलं होतं व्हायब्रॅटो. म्हणजे बारशाच्या दिवशी दोन्ही पाळण्यांतली बाळं बदलली, आणि सत्तर वर्षं झाली तरी कोणी परत करायला आलेलं नाही.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी गिटार पालथी घातली आणि पाठीवरचं प्लास्टिकचं झाकण काढलं.

आत रस्सीखेच चालू होती. घोडीच्या पोटाखाली एक धातूचा ठोकळा लोंबत असतो. त्याला तीन स्प्रिंगा अडकवलेल्या, आणि स्प्रिंगांची दुसरी टोकं एका लोखंडी पंज्यात. पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेला. वरून सहा तारा घोडीला पुढे ओढतात, खालून स्प्रिंगा मागे ओढतात. दहा नंबरच्या सेटच्या तारा सुरात आणल्या की त्यांचा एकूण ताण पंचेचाळीस किलोच्या आसपास जातो. एवढा जोर दोन्हीकडून लावून मध्ये घोडी तरंगत ठेवायची. त्यामुळे जाड तार जरा पिळून वर चढवली की घोडी पुढे कलते आणि बाकीच्या पाच उतरतात. त्या पाच चढवल्या की पहिली उतरते. एकत्र कुटुंबात थोरल्याची समजूत काढायला गेलं की धाकट्या पाच जणांचं बिनसतं, तसलाच हा मामला. मी एका बैठकीत अकरा फेऱ्या केल्या. बाराव्या फेरीला स्प्रिंग काढताना पकडीतून निसटली आणि फ्रिजखाली गेली.

"अहो, तिथे मागच्या दिवाळीचा करंजीचा साचा पण असेल, तोही काढा," आतून हिचा आवाज आला. (नव्हता. पण एक ट्यूनर सापडला. आमच्याकडे दोन ट्यूनर आहेत हे मला माहीत नव्हतं.)

घोडी संपूर्ण बाहेर काढल्यावर आजार कळला, म्हणजे आजार सोडून काहीच नव्हतं हे कळलं. चांगल्या वस्तूत एक भाग खराब होतो, तो बदलला की झालं. हलकी वस्तू सगळीकडून सारखीच हलकी असते. त्यातला सर्वांत कमजोर भाग तेवढा पुढे होऊन तक्रार करतो, त्याला नीट केलं की तो बसतो आणि मागच्या रांगेतला दुसरा उठून उभा राहतो. सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं.

पहिले उभे राहिले घोडीचे सहा स्क्रू. घोडी ज्या सहा स्क्रूंवर पुढेमागे डोलते, त्यांची लाकडातली भोकं ऐसपैस झाली होती. लाकूड म्हणजे तरी काय, त्या सुंदर लाल रंगाच्या आत प्लाय होता. पाच थर मी मोजले. आमच्या टीपॉयचा प्लाय यापेक्षा बरा आहे. भोकं भरायला काड्या आणि फेव्हिकॉल हा उपाय सर्वमान्य आहे. परदेशी लोक दात कोरायच्या काड्या वापरतात. मी घरात उरलेल्या उदबत्तीच्या बुडख्या गोळा केल्या. बांबू तो बांबूच. फेव्हिकॉलमध्ये बुडवून प्रत्येक भोकात तीन-तीन कोंबल्या, रात्रभर वाळू दिल्या, सकाळी वरून सपाट कापल्या आणि बारीक ड्रिलने नवी भोकं पाडली. स्क्रू असे बसले की पिळताना करकर वाजले. तेव्हापासून दांडी जोरात दाबली की मोगऱ्याचा मंद वास येतो. हा फायदा लिओ फेंडर यांना साधला नव्हता.

मग पट्टी. मुळातल्या घोडीला स्क्रूच्या भोकांना खालून उतार दिलेला असतो, म्हणजे ती धारेवर डोलते आणि घर्षण कमी होतं. माझी पट्टी बिस्किटासारखी छापून काढलेली. भोकांच्या कडा बोटाला टोचतील अशा. मी अप्पांच्या देखत कानस काढली आणि एकेक भोक घासायला बसलो. दहा मिनिटांनी त्यांनी खुर्ची जवळ ओढली. वीस मिनिटांनी म्हणाले, "मनगट सैल ठेवा. लाडू वळताय का?" चाळीस मिनिटांनी कानस त्यांच्या हातात होती. पॉलिशपेपर फिरवून शेवटचा हात त्यांनीच दिला. तारा ज्यांच्यावर टेकतात त्या सहा चिमुकल्या खोबणींच्याही कडा त्यांनीच मोडल्या. मधले चार स्क्रू मात्र मी हट्टाने किंचित सैल ठेवले. कडेच्या दोघांनी घोडी धरायची, मधल्यांनी फक्त हजर राहायचं. हे तत्त्व अप्पांना पटलं, कारण तेही एका संस्थेचे विश्वस्त आहेत.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. माझी नजर दांडीकडे गेली तिथून उतरण लागली.

दांडी ठोकळ्याच्या भोकात स्क्रूसारखी फिरवून बसवतात. माझ्या ठोकळ्यातले आटे गेले होते. त्यामुळे दांडी लटलटायची, आणि सोडली की मान टाकायची. आटे ढिले झाल्यावर माणसाचं काय होतं हे आपण मराठीत रोज बोलतो. गिटारचंही तेच होतं. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप दांडीच्या आट्यांवर गुंडाळून बघा, असं कोणीतरी सांगितलेलं आठवलं. उपाय चांगलाच आहे. दोन वेढे पुरतात. मी सात मारले, कारण टेपचं रीळ दहा रुपयांना मिळतं आणि आपण हात का आखडावा. दांडी घट्ट बसेना म्हणून पक्कड लावली. मग ती घट्ट बसली. मग अजून अर्धा फेर दिला.

'टक्' असा जो आवाज आला, तो कोणत्या पट्टीतला होता हे अप्पांनी नंतर सांगितलं. पांढरी चार.

दांडी माझ्या हातात, आणि तिचा आट्यांचा तुकडा ठोकळ्याच्या पोटात.

मी नवी घोडी ऑनलाइन मागवली. साडेचौदाशे रुपये. चार दिवसांनी आली, चकचकीत, पोटाखाली जाडजूड ठोकळा. बसवायला घेतली तर कडेच्या दोन स्क्रूंमधलं अंतर तिचं छप्पन्न मिलिमीटर, आणि माझ्या गिटारचं साडेबावन्न. जुन्या अमेरिकन मापाची घोडी असते त्यात दोन भोकांमधलं अंतर ११.२ मिलिमीटर, स्वस्त गिटारीत १०.५. पाच अंतरं मिळून फरक बरोब्बर साडेतीन. शक्तिपीठं साडेतीन, मुहूर्त साडेतीन, पेशवाईतले शहाणे साडेतीन, आणि आता हे. माप आधी न घेणारा मी बहुधा त्यातला अर्धा नसेन.

मधल्या आठवड्यात मी पाचर मारून काम भागवलं. ठोकळा आणि गिटारचं लाकूड यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा ठोकला की घोडी हलायची बंद होते आणि गिटार शहाण्यासारखी सुरात राहते. यात लाज वाटायचं कारण नाही. खुद्द एरिक क्लॅप्टन आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये पाचर मारून घोडी जाम करून ठेवतो. उलट टोकाला जिमी हेंड्रिक्स. १९६९ साली वुडस्टॉकला अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवताना त्याने हीच दांडी अशी काही हाणली की बॉम्ब पडल्याचे आवाज निघाले. हेंड्रिक्सच्या नादाने दांडी दाबणाऱ्यांच्या सुराचं जे व्हायचं त्यावर इलाज काढला फ्लॉइड रोझ याने. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने तारांना वरच्या टोकाला चिमटे लावून कुलूपबंदच केलं. हा मनुष्य दागिने घडवायचा धंदा करत होता. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात ते पुण्यात राहून मला उगीच इतकी वर्षं जुनाट वाटत होतं.

पण हलणारी घोडी पैसे देऊन आणायची आणि खुंटीला बांधून ठेवायची, हे जमाखर्चात बसेना. म्हणून जुना ठोकळा रुमालात बांधून मी नाना पेठेत एका लेथवाल्याकडे गेलो.

दुकान दहा बाय आठचं. आत लेथ, ड्रिल, लोखंडाच्या सळया, आणि ऑइलच्या वासात बसलेले एक काका. त्यांनी ठोकळा उलटसुलट केला.

"लुनाचा आहे का?"

"गिटारचा आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ठोकळ्याकडे, आणि दोघांबद्दल सारखंच मत झाल्यासारखं कानशीने एक कोपरा घासला. "जस्त आहे हो हे. ओतलेलं. आत बघा कसं दाणेदार. हा रव्याचा लाडू आहे, यात आटे कुठून टिकणार?" आत अडकलेला तुकडा त्यांनी ड्रिल करून काढला तेव्हा लाडवाचा कोपराही बरोबर आला.

मी त्यांना स्ट्रॅटोकास्टरची गोष्ट सांगितली. लिओ फेंडर यांचा हलत्या घोडीचा पहिला प्रयत्न फसला होता. आवाज बारीक, पत्र्यासारखा यायचा, तार वाजली की लगेच विझायची. तो नमुना मोडीत काढून त्यांनी घोडीच्या पोटाखाली पोलादाचा भक्कम ठोकळा लावला, तेव्हा कुठे आवाजाला वजन आलं. मग पुढे स्वस्त नकला करणाऱ्यांनी आधी तोच ठोकळा बारीक केला, कारण तो पाठीच्या झाकणाआड असतो, गिऱ्हाइकाला दिसत नाही.

"म्हणजे त्या साहेबाला कळत होतं," काका म्हणाले, "आणि तुमच्यावाल्याला त्याहून जास्त कळत होतं."

व्हर्नियर लावून त्यांनी मापं घेतली, सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर लिहिली. साध्या पोलादाची पट्टी कापली, तारांची सहा भोकं, वरच्या पट्टीला जोडायची तीन, आणि कडेला दांडीचं एक. शेवटच्यात सहा एमएमचा टॅप मारला. टॅप पाव फेर पुढे, जरासा मागे, तेलाचा थेंब, पुन्हा पाव फेर. चांदीच्या रंगाचा भुगा बाहेर येत राहिला. हे बघत मी पंधरा मिनिटं उभा होतो आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आटे हा शब्द अनेकवचनी का आहे. दांडीही त्यांनीच सळई वाकवून केली. सातशे रुपये झाले. "वाजली तर सांगा," ते म्हणाले, "नाही वाजली तर इकडची वाट विसरा."

घरी येऊन सगळं जोडलं. तारा नव्या घातल्या, पण या वेळी खुंट्यांना सूत गुंडाळल्यासारखे वेढे न देता दोन-तीनच दिले, कारण सैल वेढ्यांमध्येही सूर हरवतो. वरच्या बाजूला तारा ज्या खाचांमधून जातात, त्या खाचा पेन्सिलीच्या शिशाने काळ्या केल्या, म्हणजे तार अडकत नाही. स्प्रिंगा झंकारत होत्या, त्यांच्यात भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा सारला. पंज्याचे स्क्रू पाव फेर आत, अर्धा बाहेर, असं करत घोडी समपातळीत आली तेव्हा रविवारचे सात वाजले होते.

खर्चाची बेरीज मी केलेली आहे. ती इथे देत नाही. ही मासिक वाचते.

दांडी दाबली. सूर विहिरीत बादली सोडावी तसा खाली गेला. सोडली. वर आला. ट्यूनर हिरवा. मी श्वास रोखून शेजारच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. तिकडून काहीच आवाज आला नाही. मग अप्पा स्वतःच दारात आले.

"पुन्हा करा."

पुन्हा केलं.

"बघू इकडे."

त्यांनी गिटार आडवी मांडीवर घेतली, डाव्या हाताने एकच तार छेडली आणि उजव्या हाताने दांडी दाबली. फार थोडी, गव्हाच्या दाण्याइतकी. सूर हलला, लवला आणि परत जागेवर येऊन बसला. अप्पांनी डोळे मिटले. दुसऱ्यांदा जरा जास्त दाबली, आणि खालच्या सुरावरून वर येताना दांडी इतकी हळू सोडली की मध्ये कुठेही पायरी लागली नाही. ती सरळ मींड होती. मी अडीच महिन्यांत या यंत्रातून म्हशीखेरीज काही काढलं नव्हतं.

"षड्ज परत येतो," ते जरा नाखुशीनेच म्हणाले.

मी पाणी प्यायला आत गेलो. आठ वाजले, सव्वाआठ वाजले. ताटं घेतली तरी बाहेरून तीच एक तार, खाली जाऊन वर येत होती. दुधावर साय धरेपर्यंत ही दोनदा हाक मारून आली. मग एकदम शांतता पसरली.

बाहेर गेलो तर अप्पा खुर्चीत ताठ बसले होते. गिटार मांडीवर, आणि दांडी त्यांच्या उजव्या हातात. सुटी.

"मी काहीही केलेलं नाही," अप्पा म्हणाले. "ही आपोआप आली."

मी दांडी त्यांच्या हातातून घेतली. टोकाचे आटे उजेडात धरून बघितले, फुंकर मारली, भोकात टेकवली आणि फिरवली. एक फेर, दोन, तीन. पाचव्याला ती लोखंडात घट्ट बसली, आणि अप्पांनी लगेच हात पुढे केला.